सोट्याची बी

आमच्या चौकातलं झाड गेल्या वर्षीच्या वादळात पडलं, तेव्हा त्याचं नाव काय यावरून चौकात भांडण झालं. झाड रस्ताभर आडवं, तोडणारी माणसं करवती घेऊन उभी, आणि बुंध्याभोवती जमलेले लोक नावावरून हमरीतुमरीवर आलेले. सायकली दुरुस्त करणारा म्हणाला, हे दांडक्याचं झाड, त्याच्या वडिलांनी याच्याच शेंगेने भटकी कुत्री हाकलली होती. इस्त्रीवाली म्हणाली, कसलं डोंबलाचं दांडकं, हे राणीचं झाड. अंगावर एक पान नसताना नुसत्या गुलाबी फुलांत उभं राहायचं ते कुणी पाहिलंच नाही का? औषधांच्या दुकानदाराने घसा खाकरून सांगितलं की त्याचे आजोबा याला जुलाबाचं झाड म्हणत. शेंगेतला गर बोटभर चाटला तरी काम होई.

"अस्सं," इस्त्रीवाली म्हणाली. "तुमचं दुकान सारखं बंद का असतं ते आज कळलं."

मी हे सगळं वरून, आमच्या खिडकीतून ऐकत होतो. मला चौथं नाव माहीत होतं. ते सोटा. जन्मभर मी वनस्पतींच्या संग्रहालयात नावांच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम केलं, त्यामुळे नावं हा काय तो माझा एकुलता एक विषय. पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागे सरतो. शिवाय त्या तिघांची नावं झाडाच्या सावलीत बसून मिळवलेली होती आणि माझं कागदावरचं. मी खिडकीतून हललो नाही.

माझ्या शेजारी ताई उभी होती. ताई माझी थोरली बहीण. ती नगरपालिकेच्या रोपवाटिकेत होती, हजारो झाडं तिच्या हाताखालून गेली. आता गुडघ्यांनी तिला या दुसऱ्या मजल्यावर डांबून ठेवलं आहे. तिने त्या झाडाला कधी कुठल्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. "ते फुललं का?" एवढंच विचारायची, आणि मला कळायचं. खाली पहिली करवत लागली तेव्हा तिने खिडकी लावून घेतली.

"पुस्तक्या," ती म्हणाली. ती मला अजून याच नावाने हाक मारते. "मला त्याचं एक रोप हवंय. दुसरं काही नको."

मागणी साधी वाटली, पण साधी नव्हती. त्या जातीचं गावात ते एकच झाड होतं. कुणी आणलं, कुठून आणलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. शेंगा धरायच्या, आणि कशा! हाताएवढ्या लांब, काळपट तांबूस, लाकडासारख्या टणक. वर्षभर लोंबत राहायच्या आणि वारा सुटला की एकमेकींवर आपटून ठाकठुक करायच्या. पण मागच्या कित्येक वर्षांत त्यातली एकही शेंग धड नव्हती. झाड पडल्यावर सायकलवाल्याने आणि इस्त्रीवालीने मिळून टोपलीभर शेंगा वर आणून दिल्या. ताईने वर्तमानपत्र अंथरलं, हातोडी घेतली आणि एकेक फोडायला बसली. शेंगेच्या आत आडव्या पडद्यांचे खण असतात, एका खणात एक बी. प्रत्येक खणाला बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि आत पिठूळ भुसा. भुंग्याने एक खण सोडला नव्हता.

चौकाचं नवं काम निघणार होतं. झाड होतं तिथला खड्डा अजून तसाच होता. रोप तयार असेल तर आळं सोडू, नसेल तर फरशी घालू, असं पाहणीला आलेला साहेब सायकलवाल्याला सांगून गेला होता. सायकलवाल्याने ते रस्त्यावरून ओरडून ताईला सांगितलं. ताईने खिडकीतून मान हलवली आणि हातोडी आत ठेवून दिली.

मला संग्रहालयातली शेंग आठवली ती त्या संध्याकाळी, भाजी चिरताना. सुरी हातात तशीच राहिली.

संग्रहालयात शेंगांची एक वेगळी खोली आहे. माझं उभं आयुष्य त्या इमारतीत गेलं, तरी त्या खोलीत पाऊल टाकताना मी अजून चप्पल काढतो. तसा नियम काही नाही. एका भिंतीवर गारंबीची शेंग आहे, माझ्यापेक्षा उंच. शिरीषाच्या शेंगा कागदासारख्या पातळ, आरपार उजेड जातो. गुलमोहराची तलवार, चिंचेचा आकडा, पांगाऱ्याची मणी ओवल्यासारखी बारीक माळ. एका जातीची शेंग वाळली की फटकन तडकते आणि बिया खोलीच्या दुसऱ्या टोकाला उडवते. तिला जाळीच्या पेटीत ठेवावं लागतं. काम सगळ्यांचं एकच, पोटातलं बी आपल्यापासून लांब पाठवायचं. आणि त्या एका कामाच्या इतक्या तऱ्हा! त्या खोलीत मला नेहमी वाटत आलंय की आपण फार मोठ्याने श्वास घेतोय.

खिडकीशेजारी, खिळ्याला टांगलेली, सोट्याची शेंग. संग्रहालय उघडलं तेव्हापासूनची. देठाला सुती दोरा, दोऱ्याला कागदाची चिठ्ठी. तिच्यावरचं अक्षर आमच्या वडिलांच्या जन्माआधीचं. भुंगा गावात येण्याच्या कितीतरी आधीची शेंग.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. संग्रहालयाच्या आताच्या प्रमुख बाई वयाने माझ्या मुलीसारख्या. त्यांनी चहा मागवला.

"काका, आज इकडे कुठे?"

"सहज," मी म्हणालो, आणि चहा गार होईपर्यंत सहज बसून राहिलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "काका, काहीतरी आहे. सांगा बघू." तेव्हा मी टेबलाकडे बघत सगळं सांगितलं.

त्या उठून शेंगेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सगळ्यात जुनी वस्तू आहे ही आमची," त्या म्हणाल्या. "पण रोप होणार असेल तर अर्धी देते. चिठ्ठीकडची बाजू मात्र भिंतीवर राहू दे. नाव नसलेली शेंग म्हणजे नुसतं लाकूड."

त्यांनी आरी मागवली. मधोमध कापून टोकाकडचा अर्धा भाग माझ्या हातात दिला. मी इतक्या वेळा आभार मानले की त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

घरी मी पुस्तक उघडून बसलो. "ताई, यात लिहिलंय, कठीण कवचाच्या बियांवर उकळतं पाणी ओतावं."

"त्यात साखर किती घालायची तेही बघून ठेव. पाहुणे आले की उपयोगी पडेल."

तिने नखं घासायची कानस घेतली. बिया चपट्या, तपकिरी, घासून पुसून ठेवल्यासारख्या गुळगुळीत. एकेक बी चिमटीत धरून ती कडेला घासायची, पांढरं दिसलं की थांबायची. "हा डोळा दिसतो ना? त्याच्या उलट बाजूला घासायचं. डोळ्याकडे घासलंस तर बाळाचं डोकंच घासलंस." मग कोमट पाणी. सकाळी बघतो तो सगळ्या बिया दुप्पट फुगलेल्या. मला इतका आनंद झाला की मी शेजाऱ्यांना सांगायला दारापर्यंत गेलो, आणि मग लाजून परत आलो.

"नाचू नकोस," ताई म्हणाली. "पाण्यात टाकलं की लाकूडही फुगतं."

तिने बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बशीत ठेवल्या. दोन-तीन दिवसांनी बशीला वास यायला लागला. ताईने एक बी बोटांत दाबली. बुळबुळीत कवच निसटलं आणि आतला भाग पिठासारखा पसरला. तिने तो नाकाशी नेला.

"ही शिजलेली आहे," ती म्हणाली.

"शिजलेली कशी असेल?"

"ते मला काय विचारतोस? कुणीतरी कधीतरी भाजलीय ही. चांगली खरपूस."

आणि मला भट्टी आठवली. संग्रहालयात कीड लागू नये म्हणून वर्षातून एकदा सगळ्या शेंगा, फळं, सालींचे तुकडे एका लोखंडी पेटीत तापवत. आमच्या सगळ्या वस्तू इतक्या वर्षं टिकल्या त्या या रिवाजामुळे. वस्तू टिकल्या, त्यांच्या आत काही जिवंत असेल हे कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. आम्हाला त्या दाखवायला हव्या होत्या, पेरायला नव्हे.

मी ताईला सांगितलं. तिने बशी उचलली, मोरीत रिकामी केली, आणि फडकं धुऊन वाळत घातलं. त्या दिवशी ती मला एकदाही टाकून बोलली नाही. तिची बोलणी मला इतकी वर्षं नकोशी वाटत होती, पण ती थांबल्यावर घर अगदी ओकंबोकं झालं.

पुढचे काही दिवस असेच गेले. एका सकाळी दाढी करताना मला भट्टीमामा दिसला. आरशात नव्हे, मनात. भट्टीमामा म्हणजे ती पेटी सांभाळणारा शिपाई. त्याला संग्रहालयातल्या दोन वस्तूंचा राग होता. एक गारंबी, जी पेटीत शिरतच नसे म्हणून तिला औषधाने पुसावं लागे. आणि दुसरी ही शेंग, जी शिरायची पण मावायची नाही. अर्धी बाहेर राहायची. मग तो दार होईल तितकं लोटून फटीत चिंध्या कोंबायचा आणि तिच्या साती पिढ्यांचा उद्धार करायचा.

अर्धी बाहेर.

पण कुठली अर्धी? मी तसाच साबण लावलेल्या तोंडाने ताईपुढे जाऊन उभा राहिलो.

"मला वाटतं देठाकडची," मी म्हणालो. "पण मला तसं वाटायला हवंय म्हणूनही वाटत असेल. माझ्या आठवणीवर कुणी विसंबू नये. मी नुसता उभा असायचो, पुस्तक घेऊन. कदाचित एक वर्ष हे टोक, एक वर्ष ते टोक, असंही—"

"चिठ्ठी कुठे बांधलीय?"

"देठाला."

"कागदाची?"

"हो."

"मग कागद कोण भट्टीत घालेल रे?"

साबणाचा फेस माझ्या हनुवटीवरून खाली टपकला.

"तुझा मामा भट्टीवाला होता, बावळट नव्हता," ताई म्हणाली. "तोंड धू. आणि जा."

वाटेत मी काय बोलायचं याची तयारी केली. बाईंनी मोठ्या मनाने अर्धी शेंग दिली होती, आणि मला आता त्यांना सांगायचं होतं की दिलीत ती चुकीची, जी ठेवलीत ती द्या. संग्रहालयाच्या फाटकावरून मी एकदा पुढे निघून गेलो. मग परत फिरलो. शेवटी त्यांच्या दारात उभा राहून, खुर्चीवर बसायच्याही आधी, सगळं एका दमात बोलून टाकलं. भट्टी, चिंध्या, चिठ्ठी, ताई. बोलून झाल्यावर घाम पुसायला रुमाल काढला तर तो शेंगेच्या रिकाम्या टरफलाचा तुकडा निघाला. पुरावा म्हणून बरोबर घेतला होता.

बाई उठल्या, शेंगांच्या खोलीत गेल्या, भिंतीवरचा अर्धा भाग काढून खिडकीतल्या उन्हात धरला. माझ्या हातातलं टरफल घेऊन कापल्या जागी जुळवलं.

माझ्याकडचा भाग निस्तेज काळा होता, जळक्या लाकडासारखा. त्यांच्याकडच्या भागावरही तोच काळेपणा बोटभर पुढे गेलेला होता. आणि तिथे तो थांबला होता. सरळ रेषेत, आखून दिल्यासारखा. रेषेपलीकडे देठापर्यंत शेंग तांबूस होती, आणि तिच्यावर तकाकी होती.

"मी रोज हिच्यासमोरून जाते," बाई हळूच म्हणाल्या. "रोज."

मीही जात आलो होतो. आम्ही दोघं त्या रेषेकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत किती शिपाई बदलले असतील. भट्टीमामाच्या आधी कुणी दुसरा, त्याच्या आधी तिसरा. कुणीही कुणाला सांगितलं नसेल. प्रत्येकाने शेंग हातात घेतली, कागद जळू नये म्हणून कागदाचं टोक बाहेर ठेवलं, आणि आपल्या नकळत तेवढ्या खणांचं दार आगीला बंद केलं.

"काका," बाई म्हणाल्या, "हिला हिच्या नावाने राखलं."

त्यांनी दोरा सोडला, चिठ्ठी खिळ्याला परत टांगली आणि शेंग माझ्या हातात दिली. "राहू दे भिंतीवर नुसतं नाव. कुणी विचारलं तर सांगेन, शेंग कामावर गेलीय."

देठाकडच्या खणांत धड बिया मोजक्याच निघाल्या. बाकीच्या आधीपासूनच चिरमटलेल्या. या वेळी ताईने घाई केली नाही. कानस घेऊन उजेडात बसली, आणि एकेका बीला इतका वेळ लावला की मी मध्येच उठून दोनदा चहा केला, आणि दोन्ही वेळा तो तसाच गार झाला. पाण्यात एक फुगली, दुसरीला आणखी दिवस लागला, एक फुगलीच नाही. फडकं, बशी, झाकण. रोज सकाळी ताई झाकण उचलून आधी वास घ्यायची. वास नव्हता. पण दुसरंही काही नव्हतं.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी तिने मला हाक मारली नाही. मी स्वयंपाकघरात आलो तर ती बशीवर वाकून उभी होती, गुडघ्यांची पर्वा न करता.

बीच्या डोळ्यातून पांढरं काहीतरी बाहेर आलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. बी आडवी पडली होती, म्हणून ते आधी आडवंच निघालं होतं आणि मग वळलं होतं. खाली. बशीत माती नव्हती, खाली फक्त ओलं फडकं आणि बशीचा तळ. तरी ते खालीच वळलं होतं. ती शेंग झाडावरून उतरवली तेव्हा आमचे आजोबा पोरसवदा असतील. तेव्हापासून ती भिंतीवर होती. तिच्यासमोर माणसं नोकरीला लागली, म्हातारी झाली, निवृत्त झाली. दरवर्षी तिला आगीच्या दारापर्यंत नेऊन आणलं. आणि एवढ्या सगळ्यानंतर खाली कुठे आहे हे ती विसरली नव्हती. मी आयुष्यभर अशा गोष्टी पुस्तकांत वाचल्या. पुस्तकांत त्यांच्यासाठी शब्द असतात. बशीपुढे मला त्यातला एकही आठवेना.

"बघतोस काय," ताई म्हणाली, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. "कुंडीत माती भर. हलक्या हाताने."

बातमी चौकात कशी पोहोचली मला माहीत नाही. मी सांगितली नाही. दोन जाड हिरवी दळं मातीतून वर आली त्या दिवशी इस्त्रीवाली जिना चढून आली आणि पदराला हात पुसत कुंडीसमोर उभी राहिली. तिच्यामागून सायकलवाला, त्याच्यामागून औषधवाला. तिघंही नवजात बाळाच्या खोलीत आल्यासारखे दबक्या आवाजात बोलत होते.

"राणी आली," इस्त्रीवाली म्हणाली.

"दांडकं होईल त्याचं," सायकलवाला कुजबुजला. "हळू बोल."

"ताई, बाळाला काही टॉनिक वगैरे?" औषधवाल्याने विचारलं.

"तुमचं टॉनिक तुम्हीच घ्या," ताई म्हणाली. "याला ऊन हवंय, तुम्ही तिघं उजेडात उभे आहात."

तिघंही चटकन बाजूला झाले. खाली गेल्यावर सायकलवाल्याने ट्रकचा एक जुना टायर आणून खड्ड्याभोवती ठेवला आणि साहेब आला की त्याला वर पाठवायचं कबूल केलं. साहेब आला. जिना चढून धापा टाकत कुंडीकडे बघत राहिला. "एवढंसंच?" असं विचारायला त्याने तोंड उघडलं असावं, पण ताईने त्याला बीचं वय सांगितलं. त्याने टोपी काढली आणि आळं सोडतो म्हणाला.

पहिलं खरं पान काही दिवसांनी आलं. एका देठावर समोरासमोर बारीक पानांच्या जोड्या, नुकत्याच इस्त्री केल्यासारख्या. मी दिवसभर काही ना काही निमित्ताने त्या खोलीत जात होतो. ऊन उतरलं, समोरच्या इमारतींत दिवे लागायला लागले, आणि मी कुंडीकडे पाहिलं तर पान मिटलेलं. प्रत्येक जोडी एकमेकीला चिकटून खाली कललेली.

"ताई! ताई, गेलं ते! पाणी जास्त झालं, मी दुपारी घातलं होतं, मला वाटलं माती—"

ताई भिंतीला धरत धरत आली. वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि कितीतरी महिन्यांनी ती खळखळून हसली.

"झोपलंय ते, पुस्तक्या. या जातीची सगळी झोपतात. तुझ्या पुस्तकात नाही का?"

पुस्तकात होतं. मी स्वतःच ते कितीदा वाचलेलं होतं.

"पण इतकी वर्षं झोपूनच होतं की," मी म्हणालो.

"ती झोप नव्हे." ती हसायची थांबली. "ते काय होतं ते मला नाही माहीत. रोपवाटिकेत जन्म गेला, पण मला नाही माहीत. दिवा लावू नकोस."

आम्ही अंधार होईपर्यंत तिथेच बसून राहिलो. मला मनातून खात्री नव्हतीच. सकाळी डोळे उघडले तसा मी उठून बाहेरच्या खोलीत आलो. ताई माझ्याआधीच कुंडीजवळ स्टूल घेऊन बसली होती. ऊन अजून खिडकीपर्यंत आलं नव्हतं. पानाची शेवटची जोडी एकमेकीपासून सुटत होती, इतकी सावकाश की हलताना ती दिसत नव्हती, फक्त क्षणापूर्वीपेक्षा जास्त उघडी दिसत होती.

"सांगितलं नव्हतं?" ताई म्हणाली. अगदी हळू, आणि नजर पानावरून न काढता.